चित्र फिरायला लागलं की डोळा बसून राहतो

व्हॅन गॉगचं ‘द स्टारी नाइट’ हे चित्र 73.7 सेंटिमीटर उंच आणि 92.1 सेंटिमीटर रुंद आहे. आम्हा ड्रॉइंग शिक्षकांच्या मापात सांगायचं तर इम्पिरियल आकाराच्या अख्ख्या शीटच्या दीडपटीहून थोडं मोठं. शाळेत मुलं वस्तुचित्र काढतात ते कागद याच शीटचे चार तुकडे करून होतात, म्हणजे अंदाज करा. 1941 पासून हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. मी परवा मुंबईत जे बघून आले त्यात तेच चित्र दुमजली घराएवढं होतं, चारही भिंतींवर होतं, पायाखालच्या फरशीवर होतं, आणि गरगर फिरत होतं.

मी कल्याणची. इथल्याच एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. अजूनही स्टेशनच्या पुलावर एखादा टक्कल पडलेला गृहस्थ ‘बाई, ओळखलंत का?’ म्हणत आडवा येतो. तर या बाई, त्यांच्या धाकट्या जाऊबाई आणि आठवीतली नात अशा तिघी ते इमर्सिव्ह का काय म्हणतात ते प्रदर्शन बघायला गेलो. मुंबईला हा प्रकार नवा नाही. 2023 च्या जानेवारीत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हॅन गॉगचं असंच 360 अंशांतलं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही गेलो ते त्याच जातीचं दुसरं, उपनगरातल्या एका अवाढव्य हॉलमधलं. तिकिटं नातीच्या बापाने मोबाइलवरून काढली. किंमत मला परत आल्यावर कळली हे बरं झालं, नाहीतर मी दारातूनच माघारी फिरले असते. तेवढ्या पैशांत आमच्या एका वर्गाला वर्षभर पोस्टर कलर पुरले असते.

आत शिरल्यावर आधी एक बोळ लागतो. त्यात चित्रकाराच्या आयुष्याचे फलक, सगळे इंग्रजीत. मग त्याच्या आर्ल्सच्या खोलीची लाकडी नक्कल, तीच पिवळी खाट, त्याच वेताच्या बैठकीच्या खुर्च्या, आणि खाटेवर बसून फोटो काढायला रांग. मग एक काळा पडदा, आणि पलीकडे तो हॉल. छताला ओळीने प्रोजेक्टर लावलेले. एका प्रोजेक्टरची चौकट संपते तिथे दुसऱ्याची थोडी वर चढवतात आणि दोन्हींच्या कडा विरवून टाकतात, त्यामुळे जोड दिसत नाही. काम सफाईचं होतं. खोड जात नाही म्हणून मी जोड शोधत बसले, तर फक्त कोपऱ्यात सापडले.

सूर्यफुलं वरून उमलत उमलत खाली उतरली, फरशीवरून सरकत आली आणि जाऊबाईंच्या पांढऱ्या सुती साडीवर चढली. त्यांनी पदर दोन्ही हातांवर पसरून धरला आणि एक फूल त्यावर नीट बसेपर्यंत हात इकडेतिकडे हलवत राहिल्या. शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलींनी विचारलं, ‘काकू, तुमचा फोटो काढू?’ लग्नाच्या अल्बमनंतर कधी फोटोला धड उभ्या न राहिलेल्या आमच्या जाऊबाई चक्क मान तिरकी करून उभ्या राहिल्या. बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, ‘ताई, मला आवडलं हो. इथे कुणी विचारलं नाही, समजलं का म्हणून.’

या जाऊबाई जहांगीर आर्ट गॅलरीवरून कितीदा तरी गेल्या असतील. माहेरची माणसं मुंबई बघायला आली की त्यांना म्युझियमला न्यायचं काम त्यांचंच, आणि जहांगीर म्युझियमला लागूनच. गॅलरी 1952 पासून उघडी आहे. तिकीट नाही, दारात अडवणारं कुणी नाही. तरी त्या आत गेल्या नाहीत. आत आपलं काय काम, हा त्यांचा हिशोब, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. आत गेलं की काय दिसतं? पांढऱ्या भिंती, एसीचा गारवा, कुजबुज. कोपऱ्यात टेबल टाकून चित्रकार स्वतः बसलेला, समोर अभिप्रायाची वही. तुम्ही आत आलात की तो मान वर करून बघतो. आता याला काहीतरी बोललं पाहिजे, वहीत काहीतरी लिहिलं पाहिजे, या धास्तीने निम्मी माणसं भिंतीच्या कडेकडेने चालत बाहेर पडतात. चित्राखाली ‘अनटायटल्ड, अ‍ॅक्रिलिक ऑन कॅनव्हास’. टेकायला बाक असलाच तर एखादा. पूर्वी निदान समोवार होतं. 1964 ते 2015 इतकी वर्षं त्या उपाहारगृहात चहाला आलेली माणसं जाता-येता चार चित्रं बघून जायची. तेही गेलं.

म्हणून या डिजिटल प्रदर्शनांना नाकं मुरडणाऱ्या माझ्या चित्रकार मित्रांच्या सुरात सूर मिसळायला मी तयार नाही. ‘हे सेल्फीचं दुकान आहे’ असं ते म्हणतात. असेल. पण त्या दुकानात जाऊबाई दीड तास रमल्या. लहान मुलं फरशीवर लोळत होती, कुणी दटावलं नाही. चाकाच्या खुर्चीवरून एक आजोबा आले होते, त्यांच्यासाठी उतार होता. ज्या शहरात चित्र बघायला जाणं हा अजून मूठभरांचा उद्योग आहे तिथे इतकी माणसं चित्रकाराच्या नावावर पैसे मोजून घराबाहेर पडतात, यावर हसण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप ‘ही सगळी नक्कल आहे’ असा. तो तर मला मुळीच मान्य नाही. आपल्या घरांत चित्र आलं तेच नकलेच्या वाटेने. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या ओलिओग्राफमधून लक्ष्मी-सरस्वती देवघरांत पोचल्या. मूळ तैलचित्र कुणी पाहिलं होतं? त्याही आधी, 1872 पासून, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या रंगीत नकला करवून घेत. हे काम 1885 पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यातच तयार झाले. नकला लंडनला गेल्या, त्यातल्या पुष्कळशा तिथल्या आगीत जळाल्या. पण त्या पोरांच्या हातांत जे उतरलं ते कसं जळणार?

आणि खुद्द व्हॅन गॉग? तो तर नकलेवरच वाढलेला. चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा त्याने शार्ल बार्गचा रेखाटनाचा पाठ्यक्रम मागवला आणि त्यातले तक्ते एकामागून एक गिरवले. आमची एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची पोरं गिरवतात तसेच. पॅरिसला असताना 1887 मध्ये त्याने हिरोशिगेची जपानी ठसाचित्रं तैलरंगांत उतरवून काढली. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात बाहेर हिंडण्याची मुभा नसायची तेव्हा त्याने मिलेची चित्रं समोर ठेवून वीसेक चित्रं केली. समोर मूळ चित्रं नव्हती, होते ते त्यांचे काळे-पांढरे छाप. रंग त्याने आपल्या मनाने भरले. छापील नकला नसत्या तर आज आपण ओळखतो तो व्हॅन गॉग घडलाच नसता, असं मी बेलाशक म्हणेन.

भोवताली चित्र उभं करून माणसाला त्यात उभं करायचं, ही हौसही प्रोजेक्टरची नव्हे. रॉबर्ट बार्करने 1787 मध्ये पॅनोरमाचं पेटंट घेतलं आणि लंडनमध्ये माणसं गोल इमारतीत शिरून भोवताली रंगवलेलं शहर बघू लागली. हेगमध्ये हेंड्रिक मेस्डागने 1881 मध्ये रंगवलेला पॅनोरमा आजही आहे. चौदा मीटर उंचीचा आणि सुमारे 120 मीटर घेराचा तो एकच कॅनव्हास, मध्ये खऱ्या वाळूची टेकडी, आणि तिच्यावर उभं राहून चहूकडे दिसणारा शेवेनिंगनचा समुद्रकिनारा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॅन गॉग तो बघायला गेला होता आणि भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचा आदराने उल्लेख केलाय. म्हणजे आमचे हे इमर्सिव्हवाले ज्याच्या नावाने तिकिटं विकतात तो स्वतः असल्या खेळाला जाऊन आलेला.

आमचं कल्याणही यात मागे नाही. इथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. पट्ट्या अशा खुबीने बदलायच्या की चित्रातली माणसं हात हलवताहेत, चालताहेत असं वाटावं. रामायण-महाभारतातले प्रसंग, सर्कस, बरोबर निवेदन आणि गाणं. सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गोष्ट. मुलांना घेऊन गावोगाव ते हा खेळ करत. तेव्हा हलती चित्रं मला वावडी असायचं काहीच कारण नाही.

मग माझं म्हणणं काय आहे?

मी शाळेत पहिल्या तासाला टेबलावर एक रिकामी बादली ठेवायची आणि मुलांना सांगायची, दिसते तशी काढा. बहुतेक सगळी पोरं बादलीचं तोंड पूर्ण गोल काढायची, अगदी कंपासने काढल्यासारखं, आणि तळ सरळ रेघ मारून सपाट. कारण बादलीचं तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असायचं, आणि बादली जमिनीवर टेकते हेही माहीत असायचं. माहीत होतं ते काढलेलं, दिसत होतं ते नाहीच. मग एकेकाला त्याच्या बाकावरून डोळा मिटायला लावायचं, पेन्सिल हात लांब करून धरायला लावायची, तोंडाची रुंदी किती आणि उंची किती ते मापायला लावायचं. गोल चपटा होत लंबगोल व्हायला महिना लागायचा. काही मुलांना दोन. पण एकदा तो लंबगोल दिसला की मग पोरगं घरी जाऊन ताटली, तांब्या, पिंप, सगळीकडे तोच शोधत बसायचं. एकाच्या आईने मला येऊन सांगितलं होतं, ‘बाई, हा जेवायला बसला की ताटाकडे एक डोळा मिटून बघतो.’

बघणं हे असं कष्टाचं काम आहे, आणि घास जसा ज्याचा त्यानेच चावायचा तसं ते ज्याचं त्यानेच करायचं असतं. ‘द स्टारी नाइट’ 1889 च्या जूनमधलं. व्हॅन गॉग तेव्हा सँ-रेमीत होता. पहाटेचं आकाश त्याला खोलीच्या गजांतून दिसायचं, पण रंगकाम खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीत, दिवसा, आठवणीतून. म्हणजे आमच्या भाषेत ते अर्धं स्मरणचित्रच. त्यातलं गाव खिडकीतून तसं दिसत नव्हतं, ते त्याने आणून बसवलं. त्या चित्रात एकही गोष्ट हलत नाही. हलतो तो आपला डोळा. जाड रंगाचे तुटक फटकारे त्याने एका दिशेने असे लावलेत की नजर एका ताऱ्यापाशी गेली की त्याच्याभोवती वळते, तिथून सुटून मधल्या मोठ्या भोवऱ्यात पडते, डावीकडच्या काळ्या सायप्रसला अडते, पुन्हा वर जाते. हे कुणी आपल्याला सांगत नाही. आपण आपल्या वेगाने, आपल्या वाटेने ते करतो. जाऊबाई कदाचित आधी खालच्या घरांतले दिवे बघतील, मी सायप्रस बघेन.

त्या हॉलमध्ये भोवरे कॉम्प्युटरने फिरवले होते. तारे चक्रासारखे फिरत होते, त्यांच्यामागे व्हायोलिन चढत होतं, आणि आम्ही सगळे बीन बॅगवर मागे रेलून बघत होतो. डोळ्याला करायला कामच उरलं नाही. कुठे बघायचं, किती वेळ बघायचं, केव्हा ‘वा!’ म्हणायचं, सगळं आधीच ठरलेलं. वीस-पंचवीस सेकंदांत भिंतीवर दुसरं चित्र. मला एका फटकाऱ्यापाशी थांबायचं होतं. हाताच्या लांबीचा झाला होता तो, त्यात निळ्यावर पिवळा ओला असतानाच चढवलाय हे मला असं मोठं कधी बघायला मिळालं नव्हतं. खरं सांगते, तेवढ्यापुरती मी त्या यंत्राची ऋणी आहे. पण मी पुढे होऊन जवळ जाईपर्यंत तिथे बदामाचा मोहोर आला.

आणखी एक गोष्ट शिक्षकी डोळ्याला सलली. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळा म्हणजे तिथे उजेड न टाकणं, आणि चार भिंती उजळलेल्या असल्या की त्यांचा उजेड त्या न टाकलेल्या जागेवर सांडतोच. ‘बटाटे खाणारी माणसं’ हे 1885 चं चित्र तिथे आलं तेव्हा ते धुरकट राखाडी दिसत होतं. त्या चित्रासाठी त्याने आधी शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे ढिगाने अभ्यास केले. माणसांचे रंग न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्यासारखे हवेत असा त्याचा हट्ट होता. सगळा खेळ अंधाराचा. त्या पाच माणसांच्या डोक्यावरचा एक दिवा काय तो उजेड देतो. अंधारच धुवून काढल्यावर दिवा कशाला? ते चित्र तिथे सगळ्यांत कमी वेळ होतं. करणाऱ्यांनाही ते जाणवलं असणार.

शेवट तर सगळे करतात तसाच. गव्हाचं शेत, कावळे उडाले, संगीत तुटलं, अंधार, एक आवाज. बाजूला कुणीतरी हुंदका दिला. कावळ्यांचं शेत हे त्याचं अखेरचं चित्र, असं आयर्विंग स्टोनच्या ‘लस्ट फॉर लाइफ’वर 1956 मध्ये निघालेल्या सिनेमापासून लोकांच्या डोक्यात बसलंय. अ‍ॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम तसं मानत नाही. त्यांच्या मते अखेरचं चित्र ‘झाडांची मुळं’, अर्धवट राहिलेलं. 2020 मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून ती मुळांची उतरती दरडही ओव्हेर गावात सापडली. निळ्या-हिरव्या गुंतलेल्या मुळांचं चित्र, त्यात ना कावळे ना वादळ. स्वतःवर गोळी झाडली त्या दिवशीही हा माणूस एक अवघड वस्तुचित्र सोडवत बसला होता, हे मला कावळ्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पण त्यावर व्हायोलिन वाजवता येत नाही.

गोळीच्या आवाजाने खेळ संपवला की योहाना पडद्याआडच राहते. थिओची, म्हणजे विन्सेंट व्हॅन गॉगच्या भावाची बायको. विन्सेंट 1890 च्या जुलैत गेला, थिओ सहा महिन्यांत 1891 च्या जानेवारीत. हिच्या पदरात तान्हं मूल, शेकडो चित्रं आणि पत्रांचे गठ्ठे. चित्रं विकून टाका म्हणणारे होते. तिने ती सांभाळली, निवडून निवडून थोडीथोडी विकली, प्रदर्शनं भरवली, 1914 मध्ये पत्रं छापली. तिने हे केलं नसतं तर भिंतीवर उजेड टाकायला चित्रंच नसती. फलकांवर तिचं नाव मी शोधलं, मिळालं नाही. ‘आयुष्यात एकच चित्र विकलं गेलं’ हे मात्र ठळक अक्षरांत होतं. तेही पुरतं खरं नाही. 1882 मध्ये त्याच्या काकाने हेगच्या दृश्यांची 12 रेखाटनं पैसे देऊन करवून घेतली होती.

सारखा व्हॅन गॉगच का, मोने का, क्लिम्ट का, याचं उत्तर सरळ आहे. ही माणसं जाऊन इतकी वर्षं झाली की चित्रांवर कुणाचा हक्क राहिलेला नाही. पिकासो 1973 मध्ये गेला, त्याला हात लावायचा तर वारसांना पैसे मोजावे लागतात. पॅरिसमध्ये जुन्या ओतकारखान्यात 2018 मध्ये अतलिए दे ल्युमिएर उघडलं ते क्लिम्टने. धंदा चालला, जगभर पसरला, आणि फुगाही बसला: व्हॅन गॉगची 50 लाखांहून अधिक तिकिटं विकल्याचं सांगणाऱ्या टोरोंटोच्या लाइटहाउस इमर्सिव्ह कंपनीने 2023 च्या जुलैत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. टोकियोच्या टीमलॅब या कलाकारगटाची गोष्ट वेगळी. त्यांची कलाकृती मुळात उजेडाचीच, भिंत सोडून तिला दुसरं घर नाही. तिला माझे हे आक्षेप लागू नाहीत.

आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. अमृता शेरगिल 1941 मध्ये गेली, म्हणजे तीही कधीचीच मोकळी झाली. तिची भारतातली चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर विकता येत नाहीत, बरीचशी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने 1937 मध्ये तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं होतं. तीन मुली, नजरा खाली, हात मांडीवर, कुणी कुणाकडे बघत नाही. आता या मुली प्रोजेक्टरने भिंतीवर टाका. काय हलवणार? पदर उडवणार? पापण्या लवणार? त्यांनी हलायचं नाही हेच तर ते चित्र. मला वाटतं, असल्या प्रदर्शनवाल्यांची खरी परीक्षा या चित्राने होईल. भिंतभर मोठं करा आणि पाच मिनिटं काही करू नका.

हे करता येणार नाही असं कुणी सांगू नये. माणसं बसतात. जाऊबाई त्या पदरावरच्या फुलासाठी बसल्याच की. तासाभराच्या खेळात एक भिंत, दहा मिनिटं, स्थिर. बाजूला मूळ चित्राच्या मापाची चौकट आखलेली, म्हणजे कळेल तरी की हे सगळं एवढ्याशा कापडावर होतं. फलक मराठीत, कारण तिकीट काढणारे मराठीही वाचतात. आणि गॅलऱ्यांनी यांच्याकडून बाकं घ्यावीत, फरशीवर बसायची परवानगी घ्यावी, संध्याकाळी ऑफिस सुटल्यानंतर तासभर दार उघडं ठेवायची सवय घ्यावी.

शाळांबद्दल बोलायला लागले तर दुसरा लेख होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असेल तर, कलाशिक्षक सांगितलाय तो अंशकालीन. चाचणी जवळ आली की आमचा तास गणिताला जातो हे मी नोकरीभर पाहिलं. नात या वर्षी एलिमेंटरीला बसतेय, तिच्या वर्गाने आजवर एकदाही खरं चित्र टांगलेली भिंत बघितलेली नाही. कल्याणहून काळा घोडा, म्हणजे जहांगीरचा परिसर, लोकलने दीड तासावर आहे.

म्हणून आयोजकांना एक मागणं, अगदी व्यवहारातलं. सकाळी तुमचे हॉल रिकामेच असतात, गर्दी संध्याकाळची. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात आठवड्यातून एक सकाळ महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना द्या. बीन बॅग उचला, कागदाखाली धरायला पुठ्ठे द्या, पाव शीट कागद मुलं घरून आणतील. संगीत बंद. ज्याने कळ दाबून तारे फिरवले तोच कळ दाबून ते थांबवू शकतो.